ईरॉस

ईरॉस : पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारा एक लघुग्रह. अनुक्रमांक ४३३. मंगळाच्या कक्षेच्या आत येऊन पृथ्वीच्या शेजारी पोहोचणारा, म्हणजे ज्यांना आता पृथ्वीसमीप लघुग्रह म्हणतात त्या गटातील हा सर्वप्रथम सापडलेला लघुग्रह होय. १८९८ मध्ये त्याचा शोध लागला. त्यानंतर सु. ६० वर्षे सूर्य व पृथ्वी यांमधील अंतर ठरविण्याच्या प्रयत्नांत त्याला मध्यवर्ती स्थान होते. पुढे रडारच्या साहाय्याने हे अंतर अधिक अचूकपणे मोजता येऊ लागल्यावर त्याचे हे महत्त्व संपले. परंतु २००० साली त्याच्याभोवती एक अवकाशयान फिरू लागले व २००१ साली ते त्याच्या पृष्ठावर उतरले. त्यामुळे ज्याच्याभोवती अवकाशयान फिरले व ज्यावर ते उतरले असा पहिला लघुग्रह, हा मानही ईरॉसलाच मिळाला. एका लहानशा खस्थ पदार्थाच्या अभ्यासातून मापनशास्त्राचा आणि ग्रहविज्ञानाचा इतिहास कसा घडत गेला, याचे हा लघुग्रह एक बोलके उदाहरण आहे.

शोध : बर्लिन येथील उरानिया वेधशाळेतील जर्मन ज्योतिर्विद गुस्टाफ व्हिट हे १३ ऑगस्ट १८९८ रोजी यूनिके (१८५) या लघुग्रहाचे स्थान निश्चित करण्यासाठी कुंभ राशीतील एका ताऱ्याच्या परिसराचे छायाचित्र घेत होते. सु. दोन तासांच्या उद्‌भासनानंतर काचेवर उमटलेल्या प्रतिमांत त्यांना एक अनपेक्षित रेषा आढळली. दूरदर्शक ताऱ्यांच्या गतीप्रमाणे फिरत ठेवलेला असल्याने ताऱ्यांच्या प्रतिमा बिंदुरूप येतात, तर लघुग्रहाची प्रतिमा त्याच्या स्वतःच्या गतीमुळे लांबट येते. ही रेषा नेहमीच्या लघुग्रहांच्या रेषेपेक्षा बरीच लांब होती. म्हणजेच हा पदार्थ आकाशात असामान्य वेगाने सरकत होता आणि म्हणून तो पृथ्वीच्या जवळ असला पाहिजे, असे अनुमान निघाले. त्याच रात्री फ्रान्समधील नीस वेधशाळेत ओग्यूस्त शार्ल्वा यांनीही आकाशाच्या त्याच भागाचे छायाचित्र घेतले होते व त्यांच्या काचेवरही हा लघुग्रह आला होता. परंतु व्हिट यांनी आपला शोध प्रथम जाहीर केल्याने शोधाचे श्रेय त्यांच्याकडे गेले.

आडोल्फ बेर्बेरिख यांनी केलेल्या कक्षागणिताने या पदार्थाचे वेगळेपण लगेच स्पष्ट झाले. त्यापूर्वी सापडलेले चारशेवर लघुग्रह प्रामुख्याने मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील पट्ट्यात फिरणारे होते. हा लघुग्रह मात्र आपल्या भ्रमणकालाचा बराचसा भाग मंगळाच्या कक्षेच्या आत घालवीत होता. लघुग्रहांना स्त्रीदेवतांची किंवा स्त्रियांची नावे देण्याचा तोपर्यंतचा प्रघात मोडून त्याला ग्रीक पुराणकथांतील प्रेमदेवता ईरॉस याचे नाव देण्यात आले. असामान्य कक्षा असलेल्या लघुग्रहांना पुरुषवाचक नाव देण्याची प्रथा येथूनच पडली.

नव्या पदार्थाची कक्षा पक्की करण्यासाठी त्याची पूर्वीची स्थाने मिळणे आवश्यक होते. अमेरिकन ज्योतिर्विद सेथ चँडलर यांनी कक्षेवरून तो मागील वर्षांत कोठे असावा याचे गणित मांडले आणि त्या आधारे विल्यमिना फ्लेमिंग यांनी हार्व्हर्ड वेधशाळेतील जुन्या छायाचित्रांच्या संग्रहात शोध घेतला. १८९३-९४ व १८९६ मधील काही काचांवर ईरॉसच्या प्रतिमा आढळल्या. यातून एक खेदजनक गोष्टही उघड झाली. जानेवारी १८९४ मध्ये ईरॉस पृथ्वीच्या अत्यंत जवळून गेला होता व त्याची छायाचित्रेही घेतली गेली होती. पण त्या वेळी त्याच्या अस्तित्वाची कोणालाच कल्पना नव्हती. तितकी अनुकूल संधी पुन्हा येण्यास ३७ वर्षे थांबावे लागणार होते.

कक्षा : ईरॉसची कक्षा विवृत्ताकार असून तिचा अर्धदीर्घ अक्ष १·४५८ ज्योतिषीय एकक (पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर म्हणजे एक ज्योतिषीय एकक) आहे. विमध्यता ०·२२३ आहे. त्यामुळे उपसूर्य बिंदूशी त्याचे सूर्यापासूनचे अंतर १·१३ ज्योतिषीय एकक (सु. १७ कोटी किमी.), तर अपसूर्य बिंदूशी १·७८ ज्योतिषीय एकक (सु. २६·७ कोटी किमी.) असते. कक्षेची पातळी क्रांतिवृत्ताच्या पातळीशी १०·८ अंशांचा कोन करते. सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास त्याला ६४३ दिवस, म्हणजे सु. १·७६ वर्षे लागतात.

पृथ्वीच्या कक्षेबाहेर राहून तिच्या जवळ येणाऱ्या, उपसूर्य अंतर १·०१७ ते १·३ ज्योतिषीय एककांच्या दरम्यान असणाऱ्या लघुग्रहांना, १९३२ मध्ये सापडलेल्या ॲमॉर या लघुग्रहावरून, ॲमॉर गटातील लघुग्रह म्हणतात. ईरॉस याच गटात मोडतो. तो पृथ्वीची कक्षा छेदीत नाही. दोहोंच्या कक्षांमधील किमान अंतर सु. ०·१५ ज्योतिषीय एकक, म्हणजे सव्वादोन कोटी किमी. आहे.

सूर्य, पृथ्वी व ईरॉस एका बाजूस येण्याचा, म्हणजे प्रतियुतीचा योग सरासरीने सु. २·३ वर्षांनी येतो. परंतु सर्व प्रतियुती सारख्या अनुकूल नसतात. पृथ्वी जानेवारीच्या अखेरीस आपल्या कक्षेच्या ज्या भागात असते, त्याच दिशेस ईरॉसचा उपसूर्य बिंदू आहे. म्हणून जानेवारीच्या अखेरीस घडणारी प्रतियुती सर्वांत जवळची ठरते. जुलैच्या सुमारास ती घडल्यास ईरॉस तिच्या पाचपट दूर असतो. ईरॉसच्या २१ प्रदक्षिणांना जवळजवळ ३७ वर्षे व २५ प्रदक्षिणांना जवळजवळ ४४ वर्षे लागतात. त्यामुळे अत्यंत अनुकूल प्रतियुती आळीपाळीने ३७ व ४४ वर्षांच्या अंतराने येतात. १८९४, १९३१, १९७५ व २०१२ या वर्षांचा क्रम असाच आहे. ईरॉसच्या अभ्यासाचा इतिहास बव्हंशी या वर्षांभोवतीच गुंफलेला आहे.

सूर्याच्या अंतराचा प्रश्न : केप्लर यांच्या तिसऱ्या नियमानुसार ग्रहांच्या प्रदक्षिणाकालांवरून त्यांच्या सूर्यापासूनच्या अंतरांची परस्परप्रमाणे अचूक मिळतात. त्यामुळे सूर्यकुलाचा नकाशा सतराव्या शतकातच तयार झाला होता. पण त्याचे प्रमाणमाप माहीत नव्हते. नकाशावरील कोणतेही एक अंतर किलोमीटरमध्ये मोजता आले, तर बाकीची सर्व अंतरे आपोआप मिळणार होती. सूर्याचे अंतर पराशयाच्या रूपात सांगण्याची पद्धत आहे. सूर्याच्या सरासरी अंतरावरून पाहिल्यास पृथ्वीच्या विषुववृत्तीय त्रिज्येने जो कोन केला असता, त्याला सूर्याचा पराशय म्हणतात. हा कोन सु. ८·८ विकला इतका लहान आहे. त्यात एका विकलेच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तरी सूर्याच्या अंतरात सु. १·७ लाख किमी. फरक पडतो. ताऱ्यांची अंतरे पृथ्वीच्या कक्षेचा व्यास आधाररेषा मानून काढली जात असल्याने ही चूक पुढे त्यांतही उतरते. म्हणून हे माप अचूक असणे साऱ्या ज्योतिषशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे होते.

सूर्य तेजस्वी व विस्तृत असल्याने त्याचा पराशय प्रत्यक्ष मोजता येत नाही. म्हणून जवळ येणाऱ्या एखाद्या ग्रहाचा पराशय मोजून त्यावरून सूर्याचा पराशय काढावा लागतो. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत यासाठी शुक्राच्या अधिक्रमणांचा (शुक्र सूर्यबिंबावरून सरकत जाण्याच्या घटनेचा) उपयोग करण्यात आला. १७६१, १७६९, १८७४ व १८८२ या वर्षी अनेक राष्ट्रांनी दूरदूरच्या प्रदेशांत निरीक्षक पाठविले. परंतु शुक्रबिंब सूर्याच्या कडेला नेमके केव्हा टेकले हे ठरविताना कडा अस्पष्ट दिसत व शेजारीशेजारी असलेल्या निरीक्षकांच्या नोंदींतही काही सेकंदांचा फरक पडे. स्कॉटिश ज्योतिर्विद डेव्हिड गिल यांनी १८७७ मध्ये असेन्शन बेटावरून मंगळाचे वेध घेतले; पण मंगळाच्या रंगीत व विस्तृत बिंबाचा मध्य ठरविण्यात अडचणी होत्या. लघुग्रह ताऱ्यांसारखे बिंदुरूप दिसत असल्याने शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भात त्यांचे स्थान अधिक अचूक मोजता येते, ही गोष्ट योहान गाले यांनी १८७३ मध्ये फ्लोरा या लघुग्रहाच्या वेधांच्या निमित्ताने पुढे मांडली होती. गिल यांनी १८८८-८९ मध्ये व्हिक्टोरिया, आयरिस व सॅफो या लघुग्रहांच्या वेधांवरून सूर्याचा पराशय सु. ८·८० विकला काढला. १८९६ मध्ये पॅरिस येथील परिषदेने हेच मूल्य पंचांगांसाठी स्वीकारले. मात्र हे लघुग्रह मुख्य पट्ट्यातील असल्याने पृथ्वीपासून बरेच दूर राहत.

ईरॉसच्या शोधाने ही अडचण दूर झाली. तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना त्याचा पराशय सु. ५८ विकला असतो. अधिक्रमणाच्या वेळी शुक्राचा सु. ३३ विकला आणि अत्यंत अनुकूल प्रतियुतीच्या वेळी मंगळाचा सु. २४ विकला असतो. मोजावयाचा कोन मोठा, प्रतिमा बिंदुरूप आणि काम छायाचित्रावर करता येण्याजोगे, असे तीन फायदे ईरॉसच्या ठिकाणी एकत्र आले होते.

१९००-०१ ची मोहीम : १८९४ ची संधी हुकली असली, तरी १९०० च्या अखेरीस ईरॉस पृथ्वीपासून सु. ४·८ कोटी किमी. अंतरावर येणार होता. जुलै १९०० मध्ये पॅरिस येथे आकाशाच्या छायाचित्रीय नकाशाच्या कामासाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या संधीचा लाभ घेण्याचे ठरविले व अनेक देशांतील वेधशाळांनी एकाच योजनेनुसार वेध घेतले. दोन पद्धती अवलंबिण्यात आल्या. पहिलीत परस्परांपासून दूर असलेल्या वेधशाळांतून एकाच वेळी घेतलेल्या वेधांची तुलना करीत. दुसरीत एकाच वेधशाळेतून सायंकाळी व पहाटे वेध घेत; त्या अवधीत पृथ्वीच्या परिवलनामुळे निरीक्षकाचेच स्थान हजारो किलोमीटर बदललेले असते.

या प्रचंड सामग्रीचे संकलन व गणित केंब्रिज वेधशाळेतील आर्थर हिंक्स यांनी जवळजवळ एकट्याने केले व त्यासाठी सु. दहा वर्षे खर्ची घातली. वेगवेगळ्या दूरदर्शकांनी घेतलेल्या छायाचित्रांतील ताऱ्यांची स्थाने एकमेकांशी जुळत नसल्याने प्रथम संदर्भ ताऱ्यांचीच यादी नव्याने तयार करावी लागली. १९१० पर्यंत त्यांनी छायाचित्रांवरून ८·८०७ विकला आणि सूक्ष्ममापकाच्या वेधांवरून ८·८०६ विकला अशी पराशयाची मूल्ये जाहीर केली. पृथ्वी व चंद्र त्यांच्या सामायिक गुरुत्वमध्याभोवती फिरत असल्याने ईरॉसच्या दृश्य स्थानात दरमहा एक बारीक हेलकावा दिसतो. त्यावरून हिंक्स यांनी चंद्राचे द्रव्यमान पृथ्वीच्या १/८१·५३ इतके काढले.

१९३०-३१ ची मोहीम : ३० जानेवारी १९३१ रोजी ईरॉस पृथ्वीपासून सु. २·६ कोटी किमी. अंतरावर येणार होता. शोध लागल्यानंतरची ही पहिलीच खरोखर अनुकूल प्रतियुती होती. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाच्या सूर्यपराशयविषयक आयोगाचे अध्यक्ष हॅरल्ड स्पेन्सर जोन्स हे होते. ते त्या वेळी दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेचे प्रमुख होते व १९३३ पासून इंग्लंडचे राजज्योतिषी झाले. मागील मोहिमेतील उणिवा लक्षात घेऊन संदर्भ ताऱ्यांची स्थाने या वेळी आधीच निश्चित करण्यात आली. दोन्ही गोलार्धांतील वेधशाळांनी घेतलेल्या छायाचित्रांच्या काचांची संख्या अडीच हजारांवर गेली. त्यांचे मापन व गणित यांत पुन्हा दहा वर्षे गेली. १९४१ मध्ये स्पेन्सर जोन्स यांनी सूर्याचा पराशय ८·७९० विकला व त्यातील संभाव्य त्रुटी केवळ ०·००१ विकला असल्याचे जाहीर केले. यावरून सूर्याचे अंतर सु. १४·९६७ कोटी किमी. येते. चंद्राचे द्रव्यमान त्यांनी पृथ्वीच्या १/८१·२७ काढले. आज स्वीकारलेले १/८१·३० हे मूल्य त्याच्या अगदी जवळ आहे. या कार्याबद्दल त्यांना १९४३ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक देण्यात आले. भूमितीय पद्धतीने सूर्याचे अंतर ठरविण्याचा हा अखेरचा मोठा प्रयत्न ठरला.

१९५० मध्ये ऑयगेन राबे यांनी ईरॉसचाच उपयोग वेगळ्या रीतीने केला. ईरॉस पृथ्वीजवळून जाताना पृथ्वी व चंद्र यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या गतीत क्षोभ निर्माण होतात. १९२६ ते १९४५ या काळातील वेधांवरून हे क्षोभ व त्यांवरून पृथ्वी-चंद्र यांचे सूर्याच्या तुलनेतील द्रव्यमान काढून राबे यांनी पराशयाचे ८·७९८ विकला हे मूल्य मिळविले. त्यातील संभाव्य त्रुटी त्यांनी स्पेन्सर जोन्स यांच्या त्रुटीपेक्षाही कमी, ०·०००४ विकला दिली होती. एकाच लघुग्रहावरून दोन स्वतंत्र पद्धतींनी काढलेली ही मूल्ये परस्परांशी जुळत नव्हती. दोहोंमधील फरक त्यांच्या सांगितलेल्या त्रुटींच्या मानाने कितीतरी अधिक होता. त्यामुळे सूर्याच्या अंतरात सु. १·४ लाख किमी. इतकी अनिश्चिती उरली.

हा वाद ईरॉसने नव्हे, तर शुक्राने मिटविला. १९६१ मध्ये अमेरिका, ब्रिटन व रशिया येथील शास्त्रज्ञांनी शुक्रावर रडार तरंग पाठवून त्यांचा प्रतिध्वनी परत येण्यास लागणारा वेळ मोजला. त्यावरून सूर्याचा पराशय ८·७९४ विकला ठरला. हे मूल्य वरील दोन मूल्यांच्या जवळजवळ मधोमध पडते. स्पेन्सर जोन्स यांचे मूल्य त्यांनी दिलेल्या त्रुटीच्या चौपट, तर राबे यांचे सु. दसपट चुकले होते. असंख्य वेधांची सरासरी घेतली म्हणजे यदृच्छ त्रुटी कमी होतात; पण सर्व वेधांत एकाच दिशेने शिरलेली पद्धतशीर त्रुटी तशीच राहते व गणितात दिसणाऱ्या त्रुटीत ती प्रकट होत नाही, हा धडा मापनशास्त्राला यातून मिळाला. आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने १९६४ मध्ये रडारवर आधारलेले मूल्य स्वीकारले. २०१२ मध्ये ज्योतिषीय एकक १४,९५,९७,८७०·७ किमी. असे व्याख्येनेच निश्चित करण्यात आले.

परिवलन व आकार : १९०१ च्या आरंभी एगोन फोन ओपोल्ट्सर यांनी ईरॉसची तेजस्विता काही तासांतच कमीजास्त होते, असे दाखविले. लघुग्रहाच्या तेजस्वितेत असा बदल प्रथमच निर्विवादपणे आढळला होता. काही महिन्यांनी हा बदल जवळजवळ नाहीसा झाला व पुढील प्रतियुतींत पुन्हा दिसू लागला. ईरॉस लांबट असावा व त्याचे परिवलन होत असावे, असा याचा अर्थ होता. त्याची लांब बाजू पृथ्वीकडे असताना तो अधिक तेजस्वी व टोक पृथ्वीकडे असताना अंधुक दिसतो. पृथ्वीवरून त्याचा ध्रुव समोर दिसत असताना मात्र परिवलनाने तेजस्वितेत फरक पडत नाही. अनुकूल परिस्थितीत हा फरक दीड प्रतीपर्यंत, म्हणजे सु. चौपट असतो.

या अनुमानाला १९३१ मध्ये प्रत्यक्ष पुरावा मिळाला. जोहॅनिसबर्ग येथील युनियन वेधशाळेतील व्हान डेन बॉस व फिन्सेन यांना ६७ सेंमी. व्यासाच्या प्रणमनी दूरदर्शकातून ईरॉस लांबट दिसला व त्याची लांब बाजू फिरत असल्याचे त्यांनी पाहिले. परिवलनकाल ५ तास १६ मिनिटे ठरला. परिवलनाचा अक्ष ईरॉसच्या कक्षेच्या पातळीतच जवळजवळ आडवा पडलेला आहे. त्यामुळे तेथे ऋतू तीव्र असून प्रत्येक ध्रुवावर आळीपाळीने कित्येक महिने अखंड प्रकाश व अखंड अंधार असतो.

२३ जानेवारी १९७५ च्या सुमारास ईरॉस सु. २·२६ कोटी किमी. अंतरावर आला व साध्या द्विनेत्रीतून दिसण्याइतका तेजस्वी झाला. आता सूर्याच्या अंतराचा प्रश्न उरला नव्हता. स्वतः ईरॉसच अभ्यासाचा विषय झाला होता. रडार, अवरक्त प्रारण, प्रकाशाचे ध्रुवण व वर्णपट अशा अनेक पद्धतींनी त्याचे निरीक्षण करण्यात आले. २४ जानेवारी रोजी त्याने मिथुन राशीतील कॅपा या ताऱ्याचे पिधान केले. ईशान्य अमेरिकेत विखुरलेल्या निरीक्षकांनी तारा अदृश्य होण्याच्या वेळा नोंदवून त्याच्या छायेची रुंदी काढली. ईरॉस सिलिकेटी खनिजांचा बनलेला असून त्याचा समावेश एस वर्गात होतो, हे याच काळातील निरीक्षणांवरून स्पष्ट झाले.

निअर शूमेकर यान : अमेरिकेच्या नासा या संस्थेने १७ फेब्रुवारी १९९६ रोजी निअर हे यान सोडले. त्याची आखणी व संचालन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयुक्त भौतिकी प्रयोगशाळेने केले. वाटेत २७ जून १९९७ रोजी यानाने माटिल्डे (२५३) या लघुग्रहाची छायाचित्रे घेतली. २० डिसेंबर १९९८ रोजी वेग कमी करण्यासाठी प्रज्वलित केलेले मुख्य एंजिन लगेचच बंद पडले. यान गिरक्या घेऊ लागले व त्याच्याशी असलेला संपर्क एक दिवसाहून अधिक काळ तुटला. संपर्क पुन्हा जुळला, तेव्हा बरेच इंधन वाया गेले होते. २३ डिसेंबर रोजी यान ईरॉसपासून ३,८२७ किमी. अंतरावरून पुढे निघून गेले. उरलेल्या इंधनाचा हिशेब करून मार्गाची फेरआखणी करण्यात आली आणि ठरल्यापेक्षा सु. एक वर्ष उशिराने, १४ फेब्रुवारी २००० रोजी, यान ईरॉसभोवती फिरू लागले. अशनी व लघुग्रह यांच्या अभ्यासाचे आद्य प्रवर्तक यूजीन शूमेकर १९९७ मध्ये मृत्यू पावले होते. त्यांच्या स्मरणार्थ मार्च २००० मध्ये यानास निअर शूमेकर हे नाव देण्यात आले.

एक वर्षाच्या मुदतीत यानाने सु. १,६०,००० छायाचित्रे घेतली व लेसर अंतरमापकाने पृष्ठाची उंचसखलता मोजली. ईरॉसचे गुरुत्वाकर्षण अत्यंत दुर्बल व त्याच्या वेड्यावाकड्या आकारामुळे विषम असल्याने यानाचा मार्ग वारंवार सुधारावा लागे. मोहिमेच्या अखेरीस १२ फेब्रुवारी २००१ रोजी यान हळूहळू खाली आणून पृष्ठावर टेकविण्यात आले. ते उतरण्यासाठी बनविलेले नव्हते, त्याला पायही नव्हते. तरीही सेकंदाला दोन मीटरांहून कमी वेगाने ते सुरक्षित उतरले. अखेरचे छायाचित्र १२० मी. उंचीवरून घेतले असून त्यात काही सेंटीमीटर आकाराचे दगडही ओळखता येतात. यानावरील गॅमा किरण वर्णपटमापक पृष्ठावर राहून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत माहिती पाठवीत होता. डिसेंबर २००२ मध्ये यानाशी पुन्हा संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता प्रतिसाद मिळाला नाही.

भौतिक वैशिष्ट्ये : ईरॉसची लांबी सु. ३४ किमी. व जाडी सु. ११ किमी. आहे. मध्यभागी तो किंचित वाकलेला असल्याने त्याचा आकार शेंगदाण्यासारखा दिसतो. घनफळ सु. २,५०० घ. किमी., द्रव्यमान ६·६९ लाख कोटी टन आणि घनता दर घ. सेंमी.ला २·६७ ग्रॅ. आहे. पृथ्वीसमीप लघुग्रहांत गॅनिमीड (१०३६) याच्या खालोखाल तो मोठा आहे. पृष्ठावरील गुरुत्वाकर्षण ठिकठिकाणी भिन्न आहे. पृथ्वीवर ५० किग्रॅ. भरणाऱ्या वस्तूचे वजन तेथे स्थानपरत्वे सु. १० ते ३० ग्रॅ. भरेल. मुक्तिवेगही सेकंदाला सु. ३ ते १७ मी. इतकाच असल्याने काही ठिकाणी हाताने फेकलेला दगड परत खाली येणार नाही.

पृष्ठावर तीन मोठे खळगे आहेत. खोगिरासारखा हिमेरॉस सु. १० किमी., शूमेकर ७·६ किमी. व सायकी ५·३ किमी. रुंद आहे. १५ मी. पेक्षा मोठे हजारो दगड पृष्ठावर विखुरले असून त्यांचा मोठा भाग शूमेकर विवर निर्माण करणाऱ्या एकाच आघातात उडालेला असावा. अनेक विवरांच्या तळाशी बारीक धुळीचे सपाट थर साचले आहेत. लहान विवरे अपेक्षेपेक्षा कमी आहेत. आघातांमुळे सर्व लघुग्रह हादरून सैल माती घसरते व त्यामुळे ती बुजली असावीत, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पृष्ठावरून लांबवर जाणारे वरंबे व चर यांवरून आणि अंतर्भागातील घनतेच्या सारखेपणावरून ईरॉस हा सुट्या दगडांचा ढीग नसून भेगाळलेला, पण एकसंध खडक आहे, असा निष्कर्ष निघाला. तो एखाद्या मोठ्या पदार्थाचा फुटून निघालेला तुकडा असावा. माटिल्डेची घनता याच्या निम्मीच आढळल्याने सर्व लघुग्रहांची रचना सारखी नसते, हेही सिद्ध झाले.

क्ष-किरण वर्णपटावरून पृष्ठावरील मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, कॅल्शियम व लोह यांचे प्रमाण साध्या काँड्राइट प्रकारच्या अशनींशी जुळते, असे दिसून आले. केवळ गंधक कमी आढळले. अवकाशातील सूक्ष्म आघात व सौरवात यांच्यामुळे ते पृष्ठावरून निघून गेले असावे. पृथ्वीवर सर्वाधिक संख्येने पडणारे अशनी साधे काँड्राइट असतात. पण त्यांचे उगमस्थान असणारे लघुग्रह कोणते, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. ईरॉसच्या निरीक्षणांनी एस वर्गाच्या बाजूने भक्कम पुरावा दिला व हायाबुसा या जपानी यानाने इटोकावा या लघुग्रहावरून २०१० मध्ये आणलेल्या कणांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. ईरॉसला मोजता येण्याजोगे चुंबकीय क्षेत्र आढळले नाही.

भवितव्य : ईरॉसपासून नजीकच्या काळात पृथ्वीला कोणताही धोका नाही. मात्र मंगळ व इतर ग्रह यांच्या क्षोभांमुळे त्याची कक्षा सावकाश बदलते. १९९६ मध्ये केलेल्या संगणकीय गणितानुसार लक्षावधी वर्षांच्या अवधीत ती पृथ्वीच्या कक्षेला छेदू लागण्याची शक्यता आहे. अशा कक्षा दीर्घकाळ स्थिर राहत नाहीत. म्हणजेच आज पृथ्वीसमीप असलेले लघुग्रह मुख्य पट्ट्यातून कालांतराने येथे आले असून त्यांची संख्या नव्या भरतीने टिकून राहते. १८९८ मध्ये ईरॉस एकटाच होता. आता तीस हजारांहून अधिक पृथ्वीसमीप लघुग्रह ज्ञात आहेत. त्यांपैकी एखादा पृथ्वीच्या रोखाने आल्यास त्याचा मार्ग बदलता येण्यासाठी त्याचे द्रव्यमान, घनता व अंतर्रचना माहीत असणे आवश्यक ठरते. त्या दृष्टीने ईरॉसच्या प्रत्यक्ष परीक्षणाचे महत्त्व टिकून आहे.

ईरॉसवरील विवरांना पुराणकथा, साहित्य व इतिहास यांतील प्रेमिकांची नावे देण्यात आली आहेत. त्यांत शाहजहान व मुमताज महल यांच्यावरून दिलेली जहान व महल ही नावेही आहेत. पृष्ठावरील दोन प्रदेशांना व्हिट व शार्ल्वा यांची, तर दोन वरंब्यांना हिंक्स व फिन्सेन यांची नावे आहेत. ३१ जानेवारी २०१२ रोजी ईरॉस सु. २·६७ कोटी किमी. अंतरावरून गेला. तशी पुढील अत्यंत अनुकूल प्रतियुती ४४ वर्षांनी, जानेवारी २०५६ मध्ये घडेल व त्या वेळी तो पृथ्वीपासून सु. २·२४ कोटी किमी. अंतरावर असेल.